झोपेचं खोबरं कोण करतं?

झोपेवरचा वाद हल्ली दोनच सुरांत चालतो. 'मी पाच तास झोपतो, माझं काही अडत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे एकीकडे. मोठं व्हायचं तर झोप कमी करायला शिका, हा त्यांचा उपदेश. दुसरीकडे 'आठ तास भरले नाहीत तर म्हातारपणी स्मृतिभ्रंश ठरलेला' अशी भीती घालणारे. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, पण एका गृहीतकावर त्यांचं पूर्ण एकमत आहे: झोप ही ज्याची त्याची खासगी बाब, आणि ती कमी पडली तर दोष त्याच्या शिस्तीचा. मला हे गृहीतकच मुळात चुकीचं वाटतं. मेंदूविज्ञानानं गेल्या शंभर वर्षांत झोपेबद्दल जे शोधलं, त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट या वादात कुणी विचारातच घेत नाही. झोप अपुरी पडलेल्या मेंदूला आपली झोप अपुरी पडली आहे, हेच नीट कळत नाही. मग झोपेचा निवाडा एकट्या माणसाच्या निर्धारावर सोडून कसं चालेल? शाळेची घंटा किती वाजता व्हावी, दोन पाळ्यांमध्ये किती तास मोकळे असावेत, सलग किती तास ड्युटी लावावी, हे जे ठरवतात त्यांना याचा जाब विचारायला हवा.

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, ही समजूत उपदेशकांचीच नव्हती. शास्त्रज्ञही बराच काळ मानत होते की डोळ्याकानांकडून येणारे संदेश थांबले, की मेंदू आपोआप सुस्तावतो. या समजुतीला तडा गेला तो एका साथीमुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहायचे, तर काहींची झोप पार उडून जायची. व्हिएन्नातल्या कॉन्स्टंटिन फॉन इकॉनोमो यांनी १९१७ साली या आजाराचं वर्णन केलं आणि दगावलेल्यांचे मेंदू तपासले. झोपून राहिलेल्यांच्या हायपोथॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या एका छोट्या अवयवाचा, मागचा भाग खराब झालेला होता, झोप उडालेल्यांचा पुढचा. पुढचा भाग नासल्यावर झोप येईनाशी होत असेल, तर झोप आणणं हे त्या भागाचं कामच असलं पाहिजे. म्हणजे झोप ही मेंदू बंद पडल्यावर उरणारी अवस्था नाही, ती मेंदू स्वतः घडवून आणतो. पुढे १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजिन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या जलद नेत्रहालचालींचा शोध जाहीर केला. अ‍ॅसेरिन्स्की यांनी सुरुवातीच्या नोंदी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलावर घेतल्या होत्या. मुलगा गाढ झोपलेला, आणि कागदावर मात्र जागेपणीसारखा आलेख उमटत होता. यंत्र बिघडलंय अशी त्यांना शंका आली. पण यंत्र ठीक होतं.

मग रात्रभर चालतं तरी काय? गाढ झोपेत कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, असंख्य पेशी एकदम गप्प होतात आणि एकदम पेटतात. सेकंदाला एकाहूनही कमी वेळा येणाऱ्या या संथ लाटा. लाटेच्या चढावर मेंदूच्या मध्यावरच्या थॅलॅमसकडून येणारी सेकंदाला बारा-पंधरा कंपनांची छोटी लकेर स्वार होते, आणि त्या लकेरीच्या कुशीत आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधून उठणारी क्षणभराची, खूप वेगवान थरथर बसते. हे तिन्ही अचूक जुळतं तेव्हा दिवसभरातला अनुभव पुन्हा उजळला जातो. मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी १९९४ साली उंदरांमध्ये हे दाखवलं. धावताना ज्या पेशी जोडीनं पेटत होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही जोडीनं पेटल्या. पुढच्या प्रयोगांत त्यांचा क्रमही तोच सापडला, फक्त कितीतरी पट वेगानं. याच्या जोडीला छाटणीही चालते. जुलिओ तोनोनी आणि कियारा चिरेल्ली यांच्या गटानं उंदरांच्या मेंदूतले ६,९२० सिनॅप्स, म्हणजे पेशींमधले जोड, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजले. कित्येक वर्षं खाणारं, डोळे फोडणारं काम. २०१७ साली निष्कर्ष आला की झोपेनंतर सिनॅप्सचा आकार सरासरी १८ टक्क्यांनी घटलेला असतो, मात्र सर्वांत मोठे, साधारण वीस टक्के सिनॅप्स जसेच्या तसे राहतात. दिवसभर शिकताना जे सगळं फुगलेलं असतं, त्यातलं पक्कं ठेवून बाकीचं रात्री आवरून घेतलं जातं.

लहानपणी तर झोप याहून खोलवर काम करते. नवजात बाळ दिवसाचे साधारण सोळा तास झोपतं आणि त्यातला जवळपास निम्मा वेळ जलद नेत्रहालचालींच्या, म्हणजे 'रेम' झोपेत असतं. प्रौढपणी हे प्रमाण पाव भागाच्या आसपास येतं. २००१ साली मार्कोस फ्रँक आणि मायकेल स्ट्रायकर यांनी मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग केला. वाढीच्या नाजूक काळात एक डोळा काही तास झाकला, की दृष्टीचं कॉर्टेक्स उघड्या डोळ्याच्या बाजूनं झुकतं. डोळा झाकल्यानंतर ज्या पिल्लांना सहा तास झोपू दिलं, त्यांच्या मेंदूतला हा बदल जवळपास दुप्पट झाला. अंधारात जागं ठेवलेल्यांत तो वाढला नाही. म्हणजे अनुभव जागेपणी येतो, पण त्यानुसार मेंदूची जोडणी बदलण्याचा मोठा भाग झोपेत उरकतो. हे ठाऊक असताना वाढत्या वयातल्या मुलाची झोप ही 'वाचवता येण्याजोगी वेळ' कशी ठरते?

आता समोरच्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करायला हवं. झोपेच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी बरीच अतिशयोक्ती केली आहे. झोपेत मेंदू धुऊन निघतो, हे वाक्य आता सर्वतोमुखी आहे. त्याचा उगम २०१३ सालच्या एका संशोधनात आहे. झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधली जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि नको असलेली द्रव्यं लवकर वाहून जातात, असं त्यात आढळलं. पण २०२४ साली दुसऱ्या गटानं वेगळ्या पद्धतीनं मोजलं, तर झोपेत आणि भुलीत हा निचरा उलट मंदावलेला दिसला. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. स्मृतिभ्रंशाचंही तसंच. ब्रिटनमधल्या जवळपास आठ हजार लोकांच्या दीर्घ पाहणीत पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं. पण तो आजार लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून मेंदूत पसरत असतो. त्यानंच झोप बिघडवली असेल, ही शक्यता पूर्णपणे काढून टाकता येत नाही. अशा पुराव्यावर लोकांना घाबरवून सोडणं चूक आहे. त्यानं निद्रानाश असलेल्या माणसाची उरलीसुरली झोपही उडते.

आठ तासांचा आकडाही पवित्र नाही. टांझानियातले हाद्झा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने, या विजेशिवाय जगणाऱ्या समाजांची झोप मनगटी यंत्रानं मोजली, तेव्हा ती सरासरी ५.७ ते ७.१ तास भरली. कमी झोपेचे समर्थक हा अभ्यास हटकून पुढे करतात. ते त्यातला दुसरा आकडा मात्र सांगत नाहीत. त्याच लोकांचा झोपेसाठी पडून राहण्याचा वेळ ६.९ ते ८.५ तास होता. रात्री मध्येच येणारी जाग वजा करून प्रत्यक्ष झोप उरते ती यंत्र मोजतं. आपण 'आठ तास झोपलो' म्हणतो तेव्हा मोजत असतो अंथरुणातला वेळ. तसं पाहिलं, तर हे लोक झोपेला आपल्यापेक्षा कमी वेळ देतात असं म्हणताच येत नाही. आणि त्यांना गजर लावून कुणी उठवत नाही, हा फरक तर सर्वांत मोठा. राहता राहिली जन्मजात कमी झोप लागणारी माणसं. ती आहेत. यिंग-हुई फू यांच्या गटानं २००९ साली डीईसी२ या जनुकातला असा बदल शोधला, ज्याचे धनी सहा-साडेसहा तासांत ताजेतवाने उठतात. पण हा बदल अतिशय दुर्मीळ आहे. 'माझं काही अडत नाही' म्हणणाऱ्या एवढ्या सगळ्यांकडे तो असणं शक्य नाही.

मग त्यांचं खरंच काही अडत नाही का? हा या वादाचा गाभा आहे आणि त्याचं उत्तर मोजून झालेलं आहे. हान्स व्हॅन डॉन्गेन आणि डेव्हिड डिंजेस यांनी २००३ साली ४८ निरोगी प्रौढांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना रोज चार तास, काहींना सहा, काहींना आठ तास झोपायला मिळालं, सलग चौदा रात्री. जागेपणी त्यांना वारंवार एक चाचणी द्यावी लागे. चाचणी दिसायला क्षुल्लक आहे. समोर एक छोटी चौकट. तिच्यात अधूनमधून, कधी ते आधी न कळता, आकडे धावू लागतात. दिसताक्षणी बटण दाबायचं, बस्स. दहा मिनिटं हेच. झोप झालेला माणूस पाव सेकंदाच्या आसपास बटण दाबतो. झोप तुटलेल्याच्या हातून मधूनच अर्धा सेकंद, एक सेकंद, कधी त्याहून जास्त वेळ निसटतो. डोळे उघडे असतात, आकडे धावत असतात, आणि आत कुणीच नसतं. सहा तास झोपणाऱ्यांच्या अशा चुका दिवसागणिक वाढत गेल्या. दोन आठवड्यांनंतर त्यांची अवस्था पूर्ण जागरण केलेल्यांइतकी झाली. आणि त्याच लोकांना 'किती पेंग येतेय?' असं विचारलं, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस सोडले तर उत्तर फारसं बदललंच नाही. कामगिरी ढासळत होती आणि त्यांना वाटत होतं की आता सवय झाली.

असं का व्हावं, याचा एक धागा २०११ साली हाती लागला. व्लादिस्लाव व्याझोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी उंदरांना जास्त वेळ जागं ठेवलं. उंदीर हिंडत होते, डोळे उघडे होते, मेंदूचा एकूण आलेख जागेपणाचा होता. पण कॉर्टेक्समधले पेशींचे काही गट क्षणभर गप्प होत होते, गाढ झोपेत होतात तसे. उंदराला पंजा पुढे करून साखरेची गोळी उचलायची होती. हालचाल सांभाळणाऱ्या भागात नेमकं त्याच वेळी असं मिटणं घडलं, की पंजा चुकायचा. म्हणजे मेंदू सगळा एकदम झोपत नाही, तुकड्यातुकड्यानं झोपू शकतो, आणि त्याच्या मालकाला पत्ता लागत नाही. कॉफीनं यावर उतारा पडतो असं वाटतं. पण जागेपणी मेंदूत अडिनोसिन नावाचं झोप आणणारं द्रव्य साचत जातं, आणि कॅफीन फक्त त्याचे ग्राहक, म्हणजे ते टिपणाऱ्या पेशींवरच्या जागा, अडवतं. साचलेलं अडिनोसिन आणि राहिलेली झोप तिथेच असते. म्हणून 'मला सवय आहे' ही साक्ष मी ग्राह्य धरत नाही. साक्षीदार खोटारडा आहे म्हणून नाही, ज्या यंत्रानं तो स्वतःला मोजतो तेच यंत्र ढिलं झालंय म्हणून.

अशा साक्षीवर विश्वास ठेवायचा नाही, हे समाजानं एका बाबतीत कधीच ठरवून टाकलं आहे. दारू प्यालेला चालक 'मी अगदी व्यवस्थित आहे' असं सांगतो तेव्हा आपण त्याच्या शब्दावर चावी परत देत नाही, श्वास मोजतो. १९९७ साली ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची हाताडोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्याइतकी घसरते. कित्येक देशांत याच पातळीला वाहन चालवणं गुन्हा ठरतो. तरीही जागरणाकडे आपण वेगळ्याच नजरेनं पाहतो. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर चढलं आणि समुद्रात तेल पसरलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते कप्तानाचं मद्यपान. सरकारी तपास मंडळानं मात्र संभाव्य कारणांत पहिलं कारण लिहिलं ते असं, की थकवा आणि कामाचा अतिभार यामुळे तिसऱ्या अधिकाऱ्याला जहाज नीट वळवता आलं नाही. त्या अधिकाऱ्याला ड्युटी कुणी लावली होती, जहाजावर माणसं कमी कुणी ठेवली होती, हे प्रश्न दारूच्या चर्चेत वाहून गेले.

शाळांच्या वेळेच्या वादात तर शिस्तीचा उपदेश अधिकच जोरात असतो. लवकर निजे, लवकर उठे, त्याला ज्ञान, आरोग्य, संपत्ती मिळे, हे ऐकतच आपण वाढलो. प्रौढाला ते लागू पडतही असेल. पण मेरी कार्स्कॅडन यांनी नव्वदीच्या दशकात, मुलांच्या हाती स्मार्टफोन येण्याच्या खूप आधी, दाखवलं की वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. रात्र झाल्याची खूण देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागतं, झोप उशिरा येते. टिल रोनेनबर्ग यांच्या पाहण्यांत हा उशीर विशीच्या आसपास कळसाला पोहोचतो आणि मग उतरू लागतो. रेम झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या शेवटच्या प्रहरी येतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाला पहाटे उठवलं, की सर्वांत जास्त कात्री लागते ती त्याच झोपेला. विरोधकांचा आक्षेप असा, की शाळा उशिरा भरवली तर मुलं आणखी उशिरापर्यंत मोबाईल बघत बसतील. शंका रास्त आहे, पण ती तपासून पाहता येते. सिएटलमध्ये २०१६ साली माध्यमिक शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला भरू लागल्या, तेव्हा विद्यार्थ्यांची झोप मध्यमानानं ३४ मिनिटांनी वाढली. मिळालेला सगळा वेळ त्यांनी झोपेत घातला नाही हे खरं, पण अर्ध्याहून जास्त घातला. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला, आणि २०२२ पासून तिथल्या बहुतेक माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत. बसच्या फेऱ्या, पालकांच्या नोकऱ्या, खेळांचे सराव या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या मोठ्यांच्या वेळापत्रकाच्या अडचणी आहेत, आणि आजवर त्यांची किंमत मुलांच्या मेंदूनं चुकवली आहे.

सगळ्यात दमदार विरोध येतो तो रुग्णालयांच्या अनुभवातून. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एक अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर किती तास सलग राबत होते हे उघड झालं, वादळ उठलं, आणि पुढे आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. २००४ साली एका प्रयोगात, लांबलचक ड्युटी करणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांकडून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होतात असं आढळलं. २०११ साली अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची सलग ड्युटी सोळा तासांवर आणली गेली. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. ड्युटीच्या वेळा शिथिल ठेवल्यानं रुग्णांच्या मृत्यूत फरक पडत नाही असं पहिलीत दिसलं, आणि २०१७ साली चोवीस तासांची ड्युटी परत आली. नंतर दुसरीतही तेच दिसलं. ड्युटी लहान केली की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो, आणि त्या देवाणघेवाणीतही चुका होतात. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण या चाचण्यांनी नेमकं काय तपासलं? दोन्ही गटांची आठवड्याची मर्यादा तीच, ८० तास. काम तेवढंच, माणसं तेवढीच. बदलली ती तासांची मांडणी. एका चाचणीत डॉक्टरांची झोप प्रत्यक्ष मोजली गेली, तर दोन्ही गटांच्या सरासरी झोपेत फारसा फरकच नव्हता. झोपच वाढली नसेल तर झोपेचा गुण दिसणार कुठून? आणि मृत्यूचा आकडा हलला नाही, याचा अर्थ चुका झाल्या नाहीत असा होत नाही. रुग्णालयात एकाची चूक पकडायला परिचारिका असते, वरिष्ठ असतो, औषधविभाग असतो. घरी जाताना गाडीत मात्र पाठीशी कुणी नसतं. लांब ड्युटी संपवून गाडीनं घरी निघालेल्या शिकाऊ डॉक्टरच्या अपघाताची शक्यता इतर दिवसांच्या दुपटीहून जास्त असते, असं २००५ सालच्या अभ्यासात आढळलं होतं. तास कमी करायचे आणि माणसं वाढवायची नाहीत, ही सुधारणा फसणारच होती. ती फसली म्हणून थकलेला मेंदू तरतरीत ठरत नाही.

पैशाचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण बाकीच्या बहुतेक आक्षेपांच्या तळाशी तोच असतो. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्यानं कापडगिरण्यांत अठरा वर्षांखालच्यांना रात्रीचं काम बंद केलं, तेव्हाही गिरण्या बुडतील अशी हाकाटी झालीच. पुढे दहा तासांच्या दिवसाची मागणी आली तेव्हा नासाऊ सीनियर यांच्यासारख्या नामांकित अर्थतज्ज्ञानं १८३७ साली हिशोब मांडला, की मालकाचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासात निर्माण होतो. तो तास गेला की नफा संपला. १८४७ साली स्त्रिया आणि मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला. गिरण्या बुडाल्या नाहीत. सीनियर यांच्या हिशोबात माणूस अकराव्या तासालाही पहिल्या तासाइतकंच काम करतो असं धरलेलं होतं. आज सलग चोवीस तासांच्या ड्युटीचं समर्थन करणारे वेगळं काय धरतात?

रात्री कुणीतरी जागं राहावंच लागणार, हेही खरं. रुग्णालयं, वीजकेंद्रं, रेल्वे, अग्निशमन बंद ठेवता येत नाहीत. पण ज्याची पाळी रात्री अकराला सुटते आणि सकाळी सहाला पुन्हा लागते, त्याला 'झोपेआधी मोबाईल बाजूला ठेवा, खोलीत अंधार करा' असं सांगणं ही क्रूर थट्टा आहे. त्याला हवेत ते मधले तास. युरोपीय संघाच्या कामाच्या वेळांविषयीच्या नियमात दर चोवीस तासांत सलग अकरा तासांची विश्रांती कामगाराचा हक्क आहे. अपवाद बरेच आहेत, पळवाटाही आहेत, तरी मुळात तो हक्क लिहिलेला आहे. हवाई वाहतुकीत याहून पुढचं पाऊल पडलं. २००९ साली बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळून ५० जण मेले. त्यात वैमानिकांच्या थकव्याचा वाटा किती, हे तपास मंडळालाही ठामपणे सांगता आलं नाही, पण थकवा होता हे स्पष्ट होतं. त्यानंतर अमेरिकेत नियम बदलले आणि जानेवारी २०१४ पासून प्रवासी विमानांच्या वैमानिकांना उड्डाणाआधी किमान दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास अखंड झोपेची संधी देणं बंधनकारक झालं. 'तुम्हाला पुरेशी झोप झाल्यासारखं वाटतं का?' एवढं विचारून भागवलं नाही, आधी तासांची तरतूद केली. मात्र मालवाहू विमानांना या नियमातून वगळलं. खर्चाच्या मानानं फायदा कमी, हे कारण दिलं गेलं. मालवाहू विमानं तर प्रामुख्यानं रात्रीच उडतात. तीच धावपट्टी, तेच आकाश, खाली तीच घरं. त्या कॉकपिटमधल्या माणसाच्या हायपोथॅलॅमसला मागे प्रवासी आहेत की खोकी, हे कसं कळावं? ही सूट आधी रद्द व्हायला हवी, आणि त्यानंतर शिकाऊ डॉक्टरांची चोवीस तासांची ड्युटी.